पोचल्याचा फोन

अक्का, काल मी एक घोटाळा केला. तुझ्या वीणाची विमानतळाकडे निघालेली गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, काचेतून हलणारा तिचा हात दिसेनासा झाला, आणि मी आत येऊन सरळ केरसुणी उचलली.

वाईट हेतू नव्हता गं. तेरा दिवस घरात माणसांची ये-जा. ओसरीभर पाकळ्या, तांदळाचे दाणे, कुणाच्या तरी लहान मुलाने कुस्करलेली बिस्किटं. पुष्पा पार दमून गेलेली. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी या घराच्या उपयोगी पडावं. ओसरी झाडली, पुढची खोली अर्धी झाडली, केर सुपलीत भरला, आणि तेव्हा कानाशी धाकट्या भावाला दटावणारा तुझा आवाज आला, "तम्मा, पोर अजून नजरबादेतनं बाहेर पडली नाही, आणि तू तिला झाडून टाकलंस होय रे?"

आवाज माझ्याच डोक्यातला, हे मला कळतं. पण ऐकायचं ते ऐकलंच. मग मी काय केलं असेल? सुपलीतला केर परत पसरला. जिथला तिथे. पाकळ्या ओसरीवर, बिस्किटं खुर्चीखाली. समोरचे शिवण्णा कट्ट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "एनु सार, हे काय? केर आतून बाहेर जातो ना? तुमच्याकडं बाहेरनं आत?" मी हसलो. सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढलेला माणूस, आपल्याच घरात केर वाटत फिरतो, याला दुसरं काय करणार?

पुष्पा दारात उभी राहून बघत होती. एरवी तिने मला पुरतं सोललं असतं. काल माझ्या हातातली रिकामी सुपली घेऊन आत गेली.

हे लिहितोय तेव्हा वीणा अजून वाटेत आहे. घर तसंच आहे, पायाखाली तांदूळ टोचतोय. करण्यासारखं काही नाही, म्हणून तुझ्याशी बोलतोय.

आपल्या घरची रीत तूच मला लहानपणी सांगितलीस. घरातलं माणूस गावाला निघालं की ते मुक्कामाला पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. अप्पा मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात आठवडाभर सदरे आणि चड्ड्या शिवायचे आणि बाजाराच्या दिवशी गठडं घेऊन एच. डी. कोट्याच्या बसला बसायचे. आई उंबऱ्याशी बसून राहायची. फोन कुठला? तिची नजर अंगणातल्या उन्हावर. ऊन तुळशीच्या कट्ट्यावर आलं की म्हणायची, "हंपापूर आलं असेल." आणखी सरकलं की, "आता उतरले असतील. गठडं कुणी उचलून दिलं असेल का डोक्यावर?" आणि मग एक उसासा सोडून केरसुणी घ्यायची. अप्पांची बस खरंच कुठे असायची देव जाणे. एकदा ती हंपापूरच्या अलीकडेच बंद पडली होती आणि अप्पा चालत गेले होते, हे संध्याकाळी कळलं. आई महिनाभर स्वतःला दोष देत होती, की मी लवकर झाडलं.

म्हणजे बघ अक्का, ही रीत होती एच. डी. कोट्याच्या मापाची. सकाळी बेतायची, दुपारी जेवणाआधी उसवायची. तू तीच रीत नेऊन ऑकलंडला घातलीस! शिंप्याची लेक तू, तुला कळायला नको होतं, की हे अंगाला बसणार नाही?

भावजी गेल्यावर तू छोट्या वीणाला काखेत घेऊन माहेरी आलीस ती कायमची. मागच्या खोलीत मशीन मांडलंस. नजरबादेतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं तुझ्या हातून गेली. शेवटचा टाका घातला की दातांनी दोरा तोडायचीस आणि म्हणायचीस, "आयतु." झालं. तो तुटलेला दोरा जायचा जमिनीवर. आपल्या घरात कुणाच्या पायाला काटा लागला नाही, दोरे लागले. पुष्पा बेळगावाहून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या नव्या शालूला मागे हिरव्या, लाल, पिवळ्या दोऱ्यांची झालर लागली होती. तिच्या माहेरी दोन वेळा झाडायची सवय, वर तिन्हीसांजेच्या आधी तिसऱ्यांदा. तुम्हा दोघींचं जमणार नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि मी शहाण्या माणसासारखं वर्तमानपत्रात तोंड घातलं. ते मी अलीकडेच बाहेर काढलं.

वीणा पहिल्यांदा ऑकलंडला निघाली तो दिवस आठव. तिची गाडी वळली आणि तू केरसुणी उचलून तुझ्या खोलीत मशीनच्या मागे ठेवून दिलीस. कैद केलीस म्हण ना.

"अक्का," मी म्हणालो, "अगं, दीड दिवस लागतो तिला पोचायला."

"लागू दे."

"वन्सं," पुष्पा म्हणाली, "पुसलं तर चालेल का? नुसतं ओल्या फडक्यानं?"

"पुसणं म्हणजे ओलं झाडणंच की गं."

"मग निदान तुमच्या खोलीतले दोरे तरी हातानं वेचते."

"वेच. झाडू नको."

आणि पुष्पाने खरंच वेचले, रागारागाने, एकेक. मी आपला तुला विज्ञान शिकवायला बसलो. आता माझा रोजचा प्रवास म्हणजे नजरबादेतल्या घरापासून नजरबादेतल्या कचेरीपर्यंत, मध्ये एक कॉफी. विमानात आयुष्यात एकदाच बसलो, तेही डोळे मिटून. पण फोनवर सगळी माहिती असते ना! ऐटीत सांगायला लागलो, बंगळूर ते सिंगापूर तीन हजारांवर किलोमीटर, सिंगापूर ते ऑकलंड आठ हजारांवर.

"किलोमीटर मला कशाला सांगतोस? मी काय चालत जाणार आहे? वेळ सांग."

"विमानात म्हणशील तर चौदा-पंधरा तास."

"आणि इथनं बंगळूरचं विमानतळ? तिथली रांग? सिंगापुरात बाकावर बसून राहायचं ते? तिकडं उतरून घरापर्यंत?"

"ते धरायचं नसतं अक्का. ते विमानाच्या प्रवासात येत नाही."

तू सुईत दोरा ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मग ते कशात येतं?"

आपलं भांडण तिथेच अडकून राहिलं. मी म्हणायचो, विमान उतरलं म्हणजे पोचली. तू म्हणायचीस, "विमान पोचलं. पोर पोचली का?" दर वेळी मी फोनवर बघून आरोळी ठोकायचो, "उतरलं! झाडा!" आणि दर वेळी तू केरसुणीवर हात ठेवून बसायचीस, वीणाचा स्वतःचा फोन येईपर्यंत. तोही नुसता येऊन भागायचा नाही. तुझी उलटतपासणी असायची. "घरात आलीस? चप्पल काढलीस? पाय धुतलेस?" ती तिकडून हसत "हो गं आई, धुतले" म्हणायची, मग कुठे आमच्या घराची सुटका व्हायची.

बंगळूरच्या विमानतळाला आपण किती हसायचो, नाही? मैसूरहून ते गाठायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विमान सिंगापूर गाठतं. मी कचेरीत हा विनोद इतक्या वेळा सांगितलाय की लोक आता मला बघितलं की स्वतःच सांगतात. तू मात्र एकदाही हसली नाहीस. "हसण्यासारखं काय आहे?" म्हणायचीस. "तेवढाच वेळ लागला तर तेवढंच लांब."

एकदा मी चिडून विचारलं होतं, "झाडलं तर विमान पडतं का गं?" वाटलं होतं, तू रागावशील. तू मशीन थांबवलंस.

"विमान कशाला पडतंय? पण वाटेवरचं माणूस कुठल्याच गावचं नसतं तम्मा. तिकडचं घर त्याला अजून मिळालेलं नसतं. मग इकडनं त्याला इतक्यात काढायचं नाही. अष्टे."

अष्टे. एवढंच. जणू काही ब्लाउजाला हूक कुठे लावायचं ते सांगितलंस. मी यावर काहीतरी हुशारीचं बोललो असणार. काय ते आता आठवत नाही, तुझं तेवढं आठवतं.

मग या वेळचं. डॉक्टर घरी तुला बघायला आले, मला ओसरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, मुलीला बोलवा. मी फोन केला, वीणा मिळेल त्या विमानाने निघाली. तुझ्यापाशी येऊन सांगितलं, तर तू डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालीस, "जावयाला फोन कर. घर झाडू नको म्हणावं."

मला आधी कळलंच नाही. मग उजेड पडला. या वेळी वीणा तिकडून निघाली होती, तेव्हा झाडायचं नाही ते त्यांनी! मी कार्तिकला फोन लावला. बिचारा बायकोला विमानात बसवून नुकता घरी आलेला. म्हणाला, "मामा, मी कुठं झाडतो? ते मशीन आपोआप सुरू होतं, वेळ झाली की." ते चकतीसारखं जमिनीवर फिरणारं यंत्र. तू फोनवर बघून त्याला कासव नाव ठेवलं होतंस. मी तुला सांगितलं, कासव आहे म्हणून. तू म्हणालीस, "त्याला उलटं घालायला सांग." अक्का, श्वास पुरत नव्हता तुला, आणि तू कासव उलटं घालायला सांगत होतीस. मी बाहेर जाऊन हसलो. मग तिथेच भिंतीला टेकून रडलो. कार्तिकने त्याचं बटण बंद केलं, आणि शंका नको म्हणून खरंच उलटं करून ठेवलं. फोटो पाठवला मला.

आणि पुष्पाने आपलंही घर झाडलं नाही. रीतीप्रमाणे गरज नव्हती. मी तसं म्हणालोही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परत वर्तमानपत्र शोधायला लागलो.

मग मी तुझ्या पलंगाशी फोन घेऊन बसलो. त्यात ते इवलंसं विमान सरकत होतं. तू मध्येच विचारायचीस, "कुठं आली?"

"समुद्रावर आहे."

"कुठला?"

"आता आपलाच. बंगालचा उपसागर."

"हळू चाललंय का रे?"

"नाही गं. वेगात आहे. फोनवर तसं दिसतं."

आयुष्यभर मी तुला किलोमीटर सांगितले. त्या दिवशी एकही सांगितला नाही. तू वेळ विचारलास तेव्हाही "आलीच आता" एवढंच म्हणालो. हे तुझ्याकडूनच शिकलो होतो, पण तुला सांगायचं राहिलं.

दुपारी विमान बंगळूरला उतरलं. मी तुझ्या कानाशी वाकून म्हणालो, "अक्का, पोचली."

मी वाट बघत होतो. खरं सांगतो, तुझ्या प्रश्नाची वाट बघत होतो. "विमान पोचलं. पोर पोचली का?" एवढं तू म्हणाली असतीस तर मी हरायला तयार होतो. हात जोडून हरलो असतो. म्हणालो असतो, नाही गं, अजून रांग आहे, सामान आहे, सगळं बंगळूर ओलांडायचं आहे, थांब जरा.

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आयतु."

तेवढंच. दोरा तोडल्यासारखं.

मला एक सांग. त्या वेळी तू माझं म्हणणं मान्य केलंस का? की भांडायची ताकद नव्हती म्हणून एवढा जुना वाद सोडून दिलास? की मला कळू न देता जिंकू दिलंस, लहानपणी लगोरीत द्यायचीस तसं? रोज उठतो आणि हे विचारतो. पुष्पाला विचारलं तर म्हणते, "चहा घ्या." या वादात मी एकदाच जिंकलो अक्का, आणि ती जीत मला कुठे ठेवायची ते कळत नाही.

वीणा मंड्याला पोचली तेव्हा तिचा फोन आला. "मामा, मंड्या आलं. आईला सांग." तू जाऊन थोडाच वेळ झाला होता. पुष्पा तुझे केस सारखे करत होती. माझ्या तोंडून "सांगतो" एवढंच निघालं. फोन ठेवला आणि तुझ्यापाशी येऊन खरंच सांगितलं. "अक्का, मंड्या आलं." मग गप्प बसवेना. अंगणातल्या उन्हाकडे बघत मी सांगत राहिलो, आई अप्पांची बस सांगायची तसं. आता श्रीरंगपट्टण आलं असेल. आता नदी ओलांडली असेल. आता गावात शिरली.

ते कशात येतं, विचारलं होतंस ना? तुझ्या पोरीच्या साऱ्या वाटेत तेच सगळ्यात लांब निघालं. अकरा हजार किलोमीटर ती वेळेत आली. उरलेल्या तुकड्यात, जो मी कधी मोजलाच नाही, त्यात तू गेलीस.

वीणा आली. पुष्पा तिला घ्यायला उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच वीणाला कळलं. पोरीने चप्पल काढली, नळावर पाय धुतले, अगदी सगळं सवयीने, आणि आत येऊन माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, पोचले." मग तुझ्याजवळ बसली.

तुला नेल्यावर वडीलधाऱ्या बायकांनी सांगितलं, आता घर झाडून धुवून घ्या. पुष्पाने ते सगळं केलं, रीत ती रीत. तुझ्या मशीनखालून निघालेले दोरे तिने मुठीत धरून ठेवले होते. टाकले की नाही, मी बघितलं नाही.

तेराव्याला भटजी सांगत होते की गेलेल्या माणसाची वाट लांबची असते, वर्षभराची. मी माझ्या स्वभावावर गेलो. विचारलं, "अंतर साधारण किती धरतात?" भटजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सगळ्या मंत्रांचं पुण्य माझ्यामुळे वाया गेलं. वीणाला मात्र एकदम हसू फुटलं, तेरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "मामा, किलोमीटर कशाला विचारतोस? आई काय चालत जाणार आहे?" आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. पुष्पाने पुढ्यातलं ताट बाजूला सारून तिला जवळ घेतलं. भटजींचं ते वर्ष तिनेही कान देऊन ऐकलं होतं.

तुला थँक्यू म्हणायचं राहिलं गं. आपल्या घरात ही पद्धतच नाही. तू माझ्या शाळेच्या चड्ड्यांपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं शिवलंस, आणि मी दर वेळी "काखेत तंग होतंय" एवढंच म्हणालो. नोकरीच्या मुलाखतीला मंगळूरला गेलो होतो, तेव्हाही तू घर झाडलं नव्हतंस म्हणे. हे मला वीणाने या तेरा दिवसांत सांगितलं. मी तिकडे पोचून फोन करायचा विसरलो होतो. तू दुसऱ्या दिवसापर्यंत बसून राहिलीस, आणि मी परत आल्यावर फक्त एवढंच म्हणालीस, "घरात पाय जपून टाक रे, दोरे आहेत."

इथवर लिहिलं आणि फोन वाजला.

वीणाच. आवाज बसलेला. "मामा, पोचले. घरात आहे. चप्पल काढली, पाय धुतले." मी विचारण्याआधीच सगळं सांगून मोकळी झाली. मग म्हणाली, "अरे, कार्तिकनं ते कासव अजून सरळच केलेलं नाही. घरभर धूळ. मामीला सांग, आता झाडा म्हणावं."

मी पुष्पाला हाक मारली. ती केरसुणी घेऊनच आली, पदर खोचलेला, जणू फोनच्या पलीकडच्याच खोलीत उभी होती. ओसरी झाडली. मी काल पुन्हा पसरलेल्या पाकळ्या गोळा करताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं, तेवढीच शिक्षा. पुढची खोली झाडली, स्वयंपाकघर झाडलं. तुझ्या खोलीच्या दारात आली आणि थांबली. मशीनखाली, धुतलेल्या फरशीवर, कुठून कोण जाणे, एक हिरवा दोरा आला होता.

मी म्हणालो, "अगं, एवढी खोली राहिली."

तिने केरसुणी दाराच्या बाहेर भिंतीला लावून ठेवली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "वीणाचा फोन आला. वन्संचा कुठं आलाय अजून?"